‘सोबत कोण आहे?’ हे एकदा नीट विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ३६ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. छापलेली चूक दिसणं हा या कामातला सोपा भाग. अवघड असतं ते गळलेलं दिसणं. एखादी ओळ जुळणीत राहून जाते आणि वरची-खालची ओळ अशी काही बेमालूम जुळून बसते, की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. गेल्या दीड वर्षात माझ्या हाताखालून सर्वाधिक वेळा गेलेला छापील कागद म्हणजे इस्पितळाचा फॉर्म. त्यात एक अख्खा परिच्छेद गळलाय, अशी माझी खात्री झाली आहे. त्यासाठी हे पत्र. लांबलं आहे, तेव्हा कात्री लागणारच. फक्त नेहमीसारखी ती शेवटाकडून लावू नका, एवढी विनंती.

मला स्तनाचा कर्करोग झाला. आधी शस्त्रक्रिया, मग दर २१ दिवसांनी लाल औषधाच्या ४ किमो, मग आठवड्याला एक अशा १२, त्यानंतर रेडिएशनच्या १५ फेऱ्या. आता रोज एक गोळी, निदान ५ वर्षं. डॉक्टर चांगले भेटले, सिस्टर तर फारच चांगल्या. औषधोपचारांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं नुसती कुरकुर वाटेल.

मी एकटी राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हा या पत्राचा विषय नव्हे. आईवडील गेले, भाऊ फार लांब असतो. पहिल्या दिवशी नोंदणीच्या खिडकीवर मुलीनं विचारलं, “सोबत कोण आहे?” मी म्हटलं, “कोणी नाही.” तिनं मान वर न करता पुन्हा विचारलं, “तसं नाही, पेशंटच्या सोबत कोण?” मी म्हटलं, “पेशंट मीच आणि सोबतही मीच.” हे बसवायला तिच्याकडे रकाना नव्हता आणि रकाना मोकळा सोडला तर संगणक पुढे जात नव्हता. शेवटी तिनं ‘नातेवाईक’ इथे माझंच नाव घातलं आणि ‘नातं’ इथे ‘स्वतः’. माझ्या फाइलवर ते आजही तसंच आहे. ‘व्यवसाय’ या रकान्यात मात्र तिनं मला न विचारता ‘गृहिणी’ लिहून टाकलं होतं. ते मी लाल पेननं खोडलं. संगणकात ते खोडलं गेलं नाही, हे मला पुढे महागात पडलं, ते सांगतेच.

‘सोबत कोण?’ हा प्रश्न त्यानंतर मला शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रापाशी विचारला गेला, रक्त तपासणीच्या खिडकीवर, डे-केअरच्या (किमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात, त्या कक्षाच्या) दारात, घरी सोडताना. १९ वेळांपर्यंत मी मोजलं, मग नाद सोडला. दर वेळी तो अट म्हणून विचारला गेला. कोणी असेल तर आत या, नसेल तर घेऊन या. चौकशी म्हणून तो एकदाही कोणी विचारला नाही. म्हणजे, कोणी नाही का? बरं, मग रात्री ताप आला तर काय कराल?

ताप हा काही लहानसहान विषय नाही. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या वेळी अंगात शिरलेला साधा जंतूही काही तासांत जिवावर बेततो. म्हणून घरी नेण्याच्या कागदावर ठळक ठशात छापलेलं असतं, की ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास ‘रुग्णास तातडीने रुग्णालयात आणावे’. दुसऱ्या किमोनंतर दहाव्या रात्री २ वाजता माझा ताप ३८.४ होता. मी तो कागद काढून वाचला. वाक्य व्याकरणशुद्ध होतं, पण त्यात कर्ता नव्हता. आणावे, कोणी? आपल्या भाषेत ही एक सोय आहे, कर्ता गाळूनही वाक्य पुरं होतं.

खालच्या मजल्यावर शेजारी राहतात. त्यांची बेल वाजवावी की नाही, यात माझा पाऊण तास गेला. वाजवली असती तर ते धावत आले असते, हे मला आज ठाऊक आहे. त्या रात्री डोक्यात एवढंच होतं, की त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही आणि पहिलं वाक्य कसं सुरू करायचं? अखेर कुलूप लावलं, भिंतीला धरून जिना उतरले आणि पायरीवर बसून गाडीची वाट पाहिली. तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न कोणता झाला, ते वाचकांनी ओळखलं असेलच.

माझं हे असं. पण एकटेपणा ही अनेकांतली एकच तऱ्हा. डे-केअरमधल्या त्या ८ खुर्च्यांवर मी जे पाहिलं, त्यावरून सांगते, प्रत्येकाचं ‘सोबत’चं गणित निराळं असतं आणि फॉर्म मात्र सगळ्यांना एकच.

तीन नंबरच्या खुर्चीवर एक तरुण बाई यायची. सलाईन जरा भरभर सोडा म्हणून ती सिस्टरच्या मागे लागायची. तसं करता येत नाही, औषधाला त्याचा वेळ द्यावाच लागतो. दोनदा ती किमोच्या दिवशी आलीच नाही. तिच्या फाइलवर शेरा पडला, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. शेजारच्या खुर्चीवरून मला कळलं ते असं, की तिचा धाकटा मुलगा दुपारी शाळेतून येतो आणि दार उघडायला घरात कोणी नसतं. तो दारात बसून राहतो. एवढ्या एका ओळीसाठी फाइलमध्ये जागा नव्हती, शेऱ्यासाठी होती.

एका गृहस्थांचं स्वरयंत्र काढलं होतं. पाटी-पेन्सिल घेऊन ते फार छान बोलायचे. त्यांच्या कार्डावर शिक्का होता, ‘येण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ निश्चित करावी’. तो शिक्का त्यांनी मला हसत हसत दाखवला.

एका आईला डॉक्टरांची भाषा येत नव्हती. बारा-तेरा वर्षांची मुलगी मध्ये बसून सांगायची. मला त्यांची भाषा येत नाही, पण लांबी कळते. डॉक्टर तीन वाक्यं बोलले. मुलगी थांबली, पायातल्या चपलेकडे पाहिलं आणि आईला अर्धं वाक्य सांगितलं. काय गाळलं असेल ते कळायला भाषा यावी लागत नाही. आईच्या आजाराची बातमी आईला सांगण्याचं काम त्या मुलीवर कोणी टाकलं? कोणीच नाही, आणि म्हणूनच ते तिच्यावर आलं.

एका पारलिंगी स्त्रीला बायकांच्या वॉर्डात ठेवायचं की पुरुषांच्या, याचा निर्णय होईपर्यंत तिनं दोन रात्री बोळातल्या ट्रॉलीवर काढल्या. तिच्यासोबत चार मैत्रिणी आल्या होत्या, आलटून पालटून बसत होत्या. पण ‘रक्ताचं नातं’ नाही म्हणून एकीलाही आत सोडलं नाही. जिला सोबत होती, तिची सोबत मोजली गेली नाही.

सगळ्यात जास्त आठवतात ते रेडिएशनच्या रांगेतले आजोबा. त्यांना घशाचा कर्करोग होता. सोमवार ते शुक्रवार रोज यायचे, सात आठवडे. बरोबर पत्नी असायची. ‘सोबत कोण?’ विचारलं की आजोबा तिच्याकडे बोट दाखवत, खिडकीवरची मुलगी लिहून घेई, काम फत्ते. आजींना स्मृतिभ्रंश होता. त्या दोघांत कोण कोणाच्या सोबत होतं? घरी एकटं सोडलं तर आजी दार उघडून निघून जात, म्हणून ते त्यांना रोज घेऊन यायचे. ते आत यंत्राखाली असत ती १० मिनिटं आजींचा हात कोणी तरी धरून ठेवायला हवा असे. आठवडाभर तो मी धरला. मग माझ्या फेऱ्या संपल्या. नंतर तपासणीला गेले तेव्हा कळलं, की मध्ये आजी आजारी पडल्या आणि आजोबांचे ४ दिवस बुडाले.

४ दिवस म्हणजे काय, हे मी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं. त्यानं नीट समजावलं. घशा-तोंडाच्या गाठीत रेडिएशनला खंड पडला, की उरलेल्या पेशी त्या मोकळ्या दिवसांत पुन्हा वाढायला लागतात. एकूण उपचार जितके दिवस लांबतील, तितकी गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते. साधारण दिवसाला एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे आजींचा हात कोण धरणार, हा प्रश्न डोसइतकाच वैद्यकीय होता. फक्त तो कुठल्याही डॉक्टरांच्या टेबलावर पोचला नाही.

आता ‘गृहिणी’चं सांगते. निवृत्तीनंतरही मी घरी प्रुफं तपासत असे. त्यावर घर चालतं. आठवड्याच्या किमोनं बोटांची टोकं बधिर होतात. ही माहिती डॉक्टरांना असते आणि ते विचारतातही. प्रश्न ठरलेला, “बटणं लावता येतात ना?” मला येत होती. मी ‘हो’ म्हणायचे आणि पुढची किमो लागायची. पण कागदाची दोन पानं एकमेकांपासून सुटी करणं मला जमेनासं झालं होतं. एकदा एका पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली गेली आणि ती न तपासताच छापायला गेली. ३६ वर्षांत असं झालं नव्हतं. बाराव्या किमोनंतर मी हे सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, “अहो, हे आधी कळलं असतं तर डोस कमी करून पाहिला असता. फाइलवर तर गृहिणी लिहिलंय.” (गृहिणीला बोटं लागत नाहीत असं त्यांना म्हणायचं नसावं, पण निघालं तसंच.) माणूस कशावर जगतो हे न विचारल्यामुळे औषधाचा निर्णय बदलायचा राहिला. याला मी सामाजिक गरज म्हणू की वैद्यकीय?

मला वाटलं होतं की हे माझंच काही तरी खूळ असेल. पण वाचायची सवय जाता जात नाही. वाचल्यावर कळलं, की ही समज चांगली शंभर-सव्वाशे वर्षं जुनी आहे. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात १८९५ साली आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात १९०५ साली रुग्णाच्या घरची परिस्थिती विचारण्याच्या कामासाठी माणूस नेमला गेला. बोस्टनच्या रिचर्ड कॅबट या डॉक्टरांना दिसत होतं, की विश्रांती घ्या असं ज्याला आपण लिहून देतो त्याला विश्रांती परवडत नाही, तेव्हा चिठ्ठी वाया जाते. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका होत्या, मग इस्पितळात अशाच समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं मिळून एक असतं, ही मांडणी त्यांनी केली. तिन्ही खुर्च्यांवर बसून झालेलं माणूसच ती करू शकलं, असं मला वाटतं.

आणि हॅरल्ड फ्रीमन. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले हे शल्यविशारद. त्यांच्याकडे येणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या स्तनातल्या गाठी फार वाढलेल्या असत. निदानानंतर ५ वर्षं जगणाऱ्या जेमतेम ३९ टक्के. १९९० साली त्यांनी रुग्णाबरोबर चालणारा वाटाड्या नेमला. अपॉइंटमेंट, कागदपत्रं, प्रवास, मुलांची सोय, भीती, यांतलं जे अडेल ते सोडवणं हेच त्याचं काम. त्याच्या जोडीला कमी खर्चाची किंवा मोफत तपासणी. पुढच्या पाहणीत तो आकडा ७० टक्क्यांवर गेला. सगळं श्रेय वाटाड्याचं नाही, तपासणीचंही आहे. तरी त्यात नव्या औषधाचं नाव नाही, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटलं.

एकट्यांबद्दलही वाचलं, न वाचून कशी राहीन? अमेरिकेत २०१३ साली ७ लाख ३४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. विवाहितांत कर्करोगानं मरण्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. लग्नाच्या दाखल्यात औषधी गुण नसतात. घरात दुसरं माणूस असलं की ते ‘दाखवून ये’ म्हणून मागे लागतं, उपचार मध्येच सुटत नाहीत. हे दुसरं माणूस लग्नाशिवायही पुरवता येतं.

पैशांबद्दल मी मुद्दाम कमी लिहिते आहे. त्यावर निदान बोललं तरी जातं. एकच आकडा देते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासात ज्या कर्करुग्णांचं दिवाळं निघालं, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतर कर्करुग्णांपेक्षा ७९ टक्के जास्त दिसला.

माझ्या डॉक्टरांपुढे मी हे सगळं मांडलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, “माणशी सात मिनिटं मिळतात. त्यात हे विचारू कधी? आणि विचारलं, त्यांनी सांगितलं, की मुलाला सांभाळायला कोणी नाही, तर मी काय करू? विचारून हात झटकायचे हे जास्त वाईट.” त्यांचं म्हणणं मला पटलं, अर्धं. उत्तराला धनी नसेल तर प्रश्न विचारू नये, हे खरं. पण विचारलं नाही म्हणून ते मूल दारातून उठत नाही. आणि प्रश्न डॉक्टरांनीच विचारावा असं कोण म्हणतं? वजन सिस्टर घेतात, रक्त तिसरंच कोणी घेतं.

साधनं तयार आहेत. अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांच्या संघटनेचा एक कागद आहे. त्यावर तापमापकाचं चित्र, ० ते १० आकडे. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला त्यावर खूण करायची. ४ किंवा जास्त असेल तर कोणी तरी बसून बोलायचं. शेजारी यादी: मुलांची देखभाल, राहायची सोय, प्रवास, काम, पैसे. भरायला काही मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत तर या अडचणींना रीतसर क्रमांकच आहेत, झेड ५५ ते झेड ६५. मी चाळून पाहिली. माझा क्रमांक सापडला: झेड ६०.२, एकटे राहणे. इतक्या दिवसांत माझ्या गाठीचे सगळे क्रमांक फाइलवर चढले, हा एक तेवढा राहिला.

नियमानं विचारण्यानं काय होतं, याचाही पुरावा आहे. २०१७ साली न्यूयॉर्कच्या एका इस्पितळातला ७६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना किमोच्या काळात त्रासांबद्दल संगणकावरून वरचेवर विचारलं गेलं आणि उत्तर गंभीर असेल तर परिचारिकेला सूचना गेली, त्यांच्यातले निम्मे ३१.२ महिन्यांहून अधिक जगले. नेहमीच्या पद्धतीत २६. तिथे शारीरिक त्रास विचारले होते, हे खरं. घरचे विचारले तर उलटं होईल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

मात्र विचारण्याची एक रीत असते. भरल्या रांगेत, काचेच्या खिडकीतून, नातेवाइकांच्या देखत विचाराल तर कोणीही ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल. मी स्वतः म्हणाले असते. कित्येकांना घरच्यांपासूनच धोका असतो, कित्येकांनी कामाच्या ठिकाणी आजार लपवलेला असतो. सांगायचं नसेल तर न सांगण्याची मुभा हवी, फाइलवर काय चढणार आणि ते कोण वाचणार हे आधी सांगायला हवं. दुभाषा हवा, आणि तो रुग्णाचं मूल नसावा.

शिवाय एकदा विचारून भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरातलं सगळं सामान मी वरच्या फळ्यांवरून खाली आणवलं. किमोत रात्रीच्या तापाची भीती, रेडिएशनमध्ये रोजचा प्रवास. आणि शेवटच्या फेरीनंतर काय? “अभिनंदन, तीन महिन्यांनी या.” त्या दिवशी घरी आल्यावर मला जितकं एकटं वाटलं तितकं त्या तापाच्या रात्रीही वाटलं नव्हतं. रोज कोणी तरी नाव घेऊन हाक मारत होतं, ते बंद झालं. फिट्झह्यू मुलन हे डॉक्टर स्वतः कर्करोगातून गेलेले. निदानाच्या दिवसापासूनच माणसाला ‘तरलेला’ म्हणा, असं त्यांनी १९८५ सालीच सांगितलं; कारण तरून जाण्याचं काम त्या दिवशी सुरू होतं आणि उपचार संपल्यावरही चालूच राहतं. आपल्याकडे आम्हाला ‘योद्धा’ नाहीतर ‘विजेता’ म्हणतात. प्रुफात हे शब्द दिसले की माझं पेन थबकतं. योद्ध्याला कोणी विचारत नाही, की तुला घरी कोण सोडणार.

मला काय हवं आहे, ते थोडक्यात. निदान झाल्यावर, उपचार बदलताना आणि शेवटच्या फेरीच्या दिवशी, एका बंद दाराआड, एक पान. त्यातली उत्तरं ज्याच्या कामाची आहेत असं एक माणूस, नावानिशी. ते प्रशिक्षित वैद्यकीय समाजसेवक असतील तर उत्तम. त्यांच्या हाताखाली आमच्यासारखे यातून गेलेले लोक बसू शकतील. मी मंगळवारी आणि गुरुवारी मोकळी असते.

वाट पाहण्यापेक्षा बरं म्हणून त्या पानाचा मसुदा मीच केला आहे. सिस्टरनी दोन प्रश्न वाढवले, पाटीवरच्या गृहस्थांनी एक. दूरध्वनीचा शिक्का काढायचं त्यांनी अधोरेखित करून सुचवलं आहे. ‘नातेवाईक’ हा रकाना काढून तिथे ‘तुमच्या जवळचं माणूस (असल्यास)’ असं घातलं आहे. मुद्रितशोधन झालेलं आहे. कोणत्याही इस्पितळाला तो जसाच्या तसा छापून घ्यायची मोकळीक आहे.

आपली,
एक जुनी वाचक (मुद्रितशोधक)

सोबत : एक पान.